टेम्परेचर कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टरची कॉइल : व्होल्टेज जुळवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला सांवेर रोडवरच्या पावडर कोटिंगच्या भट्ट्या, पोलोग्राउंडमधले ड्रायर, शहरातल्या बेकऱ्यांचे इलेक्ट्रिक ओव्हन, बटाट्याची शीतगृहं, सगळीकडे जोडी एकच असते. कंट्रोलर तापमान बघतो आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, हीटर किंवा कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. कॉन्टॅक्टरमधलं तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल. तिला वीज मिळाली, की ती लोखंडी गाभा ओढून स्विच मिटवते. या जोडीतल्या बहुतेक जळालेल्या कॉइल निकृष्ट मालामुळे जळत नाहीत, व्होल्टेजच्या गैरसमजामुळे जळतात. म्हणून सुरुवात त्या गैरसमजापासूनच.

कंट्रोलर २३० व्होल्टवर चालतो. मग कॉइलही २३० व्होल्टचीच लागेल ना?

तसं काही बंधन नाही. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कंट्रोलर ज्या पुरवठ्यावर चालतो तो पहिली, त्याच्या आउटपुटचा प्रकार दुसरी आणि कॉइलवर छापलेलं व्होल्टेज तिसरी. आउटपुट रिलेचं असेल, तर तो रिले म्हणजे फक्त एक स्विच आहे. भिंतीवरचं दिव्याचं बटण स्वतः वीज देत नाही, आलेली वीज पुढे सोडतं किंवा अडवतं. रिलेचं कामही तेवढंच. त्यातून तुम्ही जे व्होल्टेज नेता तेच कॉइलला मिळतं.

म्हणून कंट्रोलर २४ व्होल्टवर चालणारा आणि कॉइल २३० व्होल्टची, किंवा कंट्रोलर २३०चा आणि कॉइल २४ची, या दोन्ही जोड्या व्यवस्थित चालतात. जुळवायचं असतं ते रिलेतून नेलेला पुरवठा आणि कॉइल यांचं. शिवाय रिलेच्या संपर्कांना ते व्होल्टेज आणि तो करंट झेपला पाहिजे. बहुतेक पॅनेल कंट्रोलरवर २५० व्होल्ट एसी, ३ किंवा ५ अँपिअर असं लिहिलेलं असतं.

आउटपुट रिलेचं आहे की एसएसआरचं (सॉलिड स्टेट रिले, हलणारे संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच), हे कसं ओळखायचं?

कंट्रोलरच्या बाजूला चिकटवलेलं जोडणीचं चित्र आधी बघा. तीन टर्मिनलना कॉम (सामाईक), एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी मिटलेला) अशी नावं असली किंवा उघड्या स्विचची खूण असली, तर रिले. दोन टर्मिनलवर अधिक-उणे खुणा आणि १२ किंवा २४ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल, तर ते एसएसआर चालवण्याचं आउटपुट. ४-२० मिलीअँपिअर लिहिलेलं असेल, तर ते थायरिस्टर पॉवर कंट्रोलरसाठी आहे. कॉन्टॅक्टरशी त्याचा थेट संबंध नाही.

चित्र पुसलं गेलं असेल, तर मल्टिमीटरने कळतं. आउटपुटच्या दोन्ही वायरी काढा आणि सेट पॉइंट, म्हणजे हवं ते तापमान, खोलीच्या तापमानापेक्षा बराच वर ठेवा, म्हणजे आउटपुटचा दिवा लागेल. त्या टर्मिनलवर आधी डीसी व्होल्टेज आणि मग एसी व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या आसपास डीसी आलं, तर एसएसआर. दोन्ही रेंजवर काहीच आलं नाही, तरच मीटर बझरवर घ्या. दिवा लागल्यावर वाजणारा आणि विझल्यावर थांबणारा बझर म्हणजे रिले. बहुतेक वेळा आतून टिक असा आवाजही येतो.

काही स्वस्त कंट्रोलरमध्ये रिलेचं कॉम आतूनच पुरवठ्याच्या फेजला जोडलेलं असतं. तिथे आउटपुटवर न्यूट्रलच्या तुलनेत थेट २३० व्होल्ट येतात. पूर्ण पुरवठा बंद करून फेज टर्मिनल आणि आउटपुट टर्मिनल यांच्यात बझर लावून बघा, एनसी टर्मिनलकडेही. बझर वाजला, तर या कंट्रोलरमधून २४ व्होल्टची कॉइल चालवता येणार नाही.

साधी जोडणी सांगा : एक फेज, २३० व्होल्ट कॉइल, रिले आउटपुट.

मुख्य एमसीबी बंद करा आणि टेस्टलॅम्पने खात्री करा. मग अशी वायर न्या. फेज, तिथून कंट्रोल सर्किटचा २ अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी, तिथून अतितापमान सुरक्षा थर्मोस्टॅटचा एनसी संपर्क, तिथून कंट्रोलरचा कॉम. एनओमधून निघून कॉइलच्या ए१वर (ए१ आणि ए२ ही कॉइलची दोन टोकं). ए२ थेट न्यूट्रलला. कंट्रोलरचा स्वतःचा पुरवठा त्याच २ अँपिअरच्या फ्यूजनंतर, पण थर्मोस्टॅटच्या आधीच घ्या. नाहीतर थर्मोस्टॅट उडाल्यावर डिस्प्लेही विझेल आणि भट्टी किती तापली होती ते दिसणार नाही.

स्विच नेहमी फेजमध्ये ठेवा. न्यूट्रलमध्ये स्विच ठेवूनही कॉइल चालते, पण बंद असतानाही ए१वर फेज उभा राहतो. शिवाय ए२ची वायर कुठे पत्र्याला टेकली, तर कॉइलला अर्थमधून वाट मिळून हीटर आपोआप चालू होऊ शकतो.

कंट्रोलची वायर १ चौरस मिलिमीटर, तांब्याची, टोकाला पिन लग दाबून. उघडे तंतू स्क्रूखाली दाबले, तर भट्टीजवळच्या उष्णतेत आणि थरथराटात काही महिन्यांत ते सैल होतात.

दुकानात २२०, २३० आणि २४० अशा तिन्ही कॉइल मिळतात. कोणती घ्यावी?

आकड्यांचा हिशेब सोपा आहे. आयईसी ६०९४७-४-१ या मानकाप्रमाणे कॉइल तिच्या लिखित व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांमध्ये नीट चालली पाहिजे. म्हणजे २२०च्या कॉइलला १८७ ते २४२, २३०ला साधारण १९५ ते २५३ आणि २४०ला २०४ ते २६४ व्होल्ट.

आता तुमच्याकडचं व्होल्टेज मोजा, तेही दोनदा. एकदा भर दुपारी सगळी यंत्रं चालू असताना आणि एकदा रात्री उशिरा, आजूबाजूचे कारखाने बंद झाल्यावर. ट्रान्सफॉर्मरजवळ असाल, तर रात्री २५० ओलांडलेलं दिसणं नवल नाही. अशा ठिकाणी २२०ची कॉइल रात्रभर शेकत राहते. आम्ही तिथे २४०चीच घ्यायला सांगतो. लाइनच्या शेवटच्या टोकाला असाल आणि दुपारी २०० दिसत असेल, तर उलट २२०ची बरी.

इंदूरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, महाराणी रोडवर, नुसतं ‘दोनशेवीसची कॉइल’ म्हटलं, की समोर येईल ती मिळते. डबी उघडून कॉइलवरचा शिक्का स्वतः वाचा. श्नायडरच्या कॉन्टॅक्टरमध्ये शेवटचं अक्षर आणि अंक व्होल्टेज सांगतात : बी७ म्हणजे २४ व्होल्ट एसी, एफ७ म्हणजे ११०, एम७ म्हणजे २२०, पी७ म्हणजे २३०, यू७ म्हणजे २४०, एन७ म्हणजे ४१५ आणि बीडी म्हणजे २४ व्होल्ट डीसी. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका.

वाइड-रेंज इलेक्ट्रॉनिक कॉइलचे कॉन्टॅक्टरही मिळतात. उदाहरणार्थ, एबीबीच्या एएफ मालिकेत १०० ते २५० व्होल्ट, एसी-डीसी दोन्ही चालणारी एक कॉइल आहे. जिथे व्होल्टेज सतत वरखाली होतं, तिथे जास्तीचे पैसे वसूल होतात.

४१५ व्होल्टची कॉइल घरात पडून आहे. ती वापरता येईल?

रिलेतून नाही. ४१५ची कॉइल दोन फेजांमध्ये लागते आणि कंट्रोलरचा रिले २५० व्होल्टपर्यंतचा असतो. त्याचे संपर्क उघडताना ठिणगी विझणार नाही. फेज-न्यूट्रलवर लावाल, तर २३० म्हणजे जेमतेम ५५ टक्के, त्यावर ती ओढणारच नाही. बऱ्याच कॉन्टॅक्टरची फक्त कॉइल बदलता येते. २४०ची कॉइल आणून बसवा.

चुकीच्या व्होल्टेजवर कॉइल लावली, तर नेमकं काय होतं?

जास्त व्होल्टेजचा परिणाम सगळ्यांना समजतो. ११०च्या कॉइलला २३० दिले, की लोखंडी गाभा संपृक्त होतो, करंट उसळतो आणि काही मिनिटांत कॉइलवरच्या वार्निशचा जळका वास येतो.

कमी व्होल्टेजनेही कॉइल जळते, हे मात्र अनेकांना खरं वाटत नाही. एसी कॉइलचा करंट तिच्या तारेच्या रोधावर कमी आणि गाभा मिटला आहे की उघडा, यावर जास्त ठरतो. ९ अँपिअर वर्गाची कॉइल ओढताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेते आणि मिटल्यावर फक्त ७-८ व्हीए. २३० व्होल्टवर म्हणजे ओढताना ०.३ अँपिअर, धरून ठेवताना ०.०३. ओढण्याचा करंट सेकंदाच्या अंशापुरताच असायला हवा. व्होल्टेज १५०वर घसरलं आणि आर्मेचर, म्हणजे गाभ्याचा हलणारा भाग, अर्ध्यातच अडकलं, तर साधारण ०.२ अँपिअर सतत वाहत राहतो. नेहमीच्या सहा-सातपट. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे चाळीसपटीच्या घरात. कॉइल गुणगुणते, तापते आणि जाते. जळालेली कॉइल बघून ‘व्होल्टेज जास्त आलं असेल’ असं लगेच ठरवू नका.

२४ व्होल्ट म्हणजे २४ व्होल्ट. एसी-डीसीने काय फरक पडतो?

कॉइलच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे. ९ अँपिअर वर्गातल्या २४ व्होल्ट एसी कॉइलच्या तारेचा रोध साधारण ६ ओहम असतो. एसीवर गाभ्याचं इंडक्टन्स करंट अडवून धरतं. त्याच कॉइलला २४ व्होल्ट डीसी दिले, तर अडवायला फक्त ते ६ ओहम उरतात : ४ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट, एका आगपेटीएवढ्या कॉइलमध्ये. एसएमपीएस (एसीचा डीसी करून देणारा पुरवठा) लहान असेल तर तोच बंद पडून कॉइलला वाचवतो. मोठा असेल तर कॉइल जळते.

उलट केलं, म्हणजे डीसी कॉइलला एसी दिला, तर ती ओढत नाही, नुसती थरथरते. तिच्यात आतूनच डायोड बसवलेला असेल, तर तो फुटतो.

हा घोटाळा बहुधा कंट्रोलरमुळे होतो. २४ व्होल्टच्या कंट्रोलरवर अनेकदा एसी-डीसी दोन्ही चालेल असं लिहिलेलं असतं. ती सवलत कंट्रोलरला आहे, कॉइलला नाही. पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस असेल तर डीसी कॉइल, ट्रान्सफॉर्मर असेल तर एसी कॉइल.

एसएमपीएस किंवा ट्रान्सफॉर्मर किती मोठा घ्यायचा?

छोट्या कॉन्टॅक्टरची डीसी कॉइल साधारण साडेपाच वॅट घेते, ओढताना आणि धरतानाही तेवढीच. कंट्रोलरला ५ वॅट धरा. २४ व्होल्ट, १ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो. एसी कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर असेल, तर हिशेब ओढण्याच्या ७० व्हीएचा करायचा, धरण्याच्या सातचा नाही. एका छोट्या कॉन्टॅक्टरसाठी १०० व्हीएचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या. २० व्हीएचा घेतला, तर ओढण्याच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि कॉन्टॅक्टर मशीनगनसारखा खडखडतो.

२४ व्होल्टवर अंतरही बघावं लागतं. पॅनेलपासून कॉन्टॅक्टर ५० मीटरवर असेल, तर १ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध साधारण १.८ ओहम होतो. ओढताना जवळजवळ ३ अँपिअर वाहतात, म्हणजे ५ व्होल्ट वायरीतच गेले. उरले १९, ते ८५ टक्क्यांच्या खाली. त्याच अंतरावर २३०ची कॉइल असती, तर अर्धा व्होल्टच गेला असता. लांबच्या भट्टीसाठी २३० किंवा ११० घ्या. पॅनेलच्या आतल्या आत २४ उत्तम.

कंट्रोलरचं आउटपुट एसएसआरचं, १२ व्होल्ट डीसी आहे. १२ व्होल्टची कॉइल शोधून लावू का?

शोधण्यात वेळ घालवू नका. व्होल्टेज जुळेल, पण ताकद जुळणार नाही. ते आउटपुट साधारण २० ते ३० मिलीअँपिअर देऊ शकतं, म्हणजे साधारण पाव वॅट. कॉइलला लागतात साडेपाच. नेहमीचा चौकोनी १२ व्होल्टचा रिलेही ७५ मिलीअँपिअरच्या आसपास मागतो, त्यामुळे तोही धड ओढत नाही.

मार्ग दोन. पहिला आणि चांगला : हीटर असेल तर कॉन्टॅक्टरऐवजी एसएसआरच लावा, योग्य हीटसिंकसह. ते आउटपुट त्यासाठीच आहे आणि तापमानही जास्त स्थिर राहतं. दुसरा : मध्ये ६ मिलिमीटर रुंदीचा पातळ इंटरफेस रिले घाला. त्याची १२ व्होल्टची कॉइल साधारण १५ मिलीअँपिअरच घेते आणि संपर्क ६ अँपिअरचा असतो. कंट्रोलरच्या अधिक टर्मिनलला रिलेचा ए१, उणेला ए२. मग रिलेच्या संपर्कातून २३० व्होल्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला न्या. हा दुसरा मार्ग धरलात, तर कंट्रोलरमधला सायकल टाइम, म्हणजे एका चालू-बंद फेरीचा वेळ, बदलायला विसरू नका. एसएसआर आउटपुटसाठी तो १-२ सेकंदांवर असतो. तसाच ठेवला, तर कॉन्टॅक्टर दर दोन सेकंदांनी आपटेल.

सायकल टाइम किती ठेवायचा? कॉन्टॅक्टर सारखा आपटतो.

पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमानातला फरक बघून उष्णता कमी-जास्त करणारा, हीटर थोडा चालू, थोडा बंद असा दर सायकलला करत राहतो. सायकल २० सेकंदांची असेल, तर तासाला १८० वेळा आणि दहा तासांच्या पाळीत १८०० वेळा. कंट्रोलरच्या रिलेचं आयुष्य पूर्ण लोडवर बहुधा १ लाख वेळा असं दिलेलं असतं. ते या गतीने ५५ दिवसांत संपतं. कॉइलचा करंट कमी असल्याने प्रत्यक्षात रिले जास्त टिकतो, पण हिशेबाची दिशा लक्षात येईल. ९ अँपिअर वर्गाच्या कॉन्टॅक्टरचे संपर्क हीटरच्या पूर्ण २५ अँपिअरवर साधारण ६ लाख वेळा चालतात, म्हणजे याच गतीने वर्षभरही नाही.

जाड भिंतींच्या बेकरी ओव्हनला किंवा पावडर कोटिंगच्या भट्टीला इतक्या घाईची गरज नसते. कंट्रोलर ऑन-ऑफ मोडवर घेऊन ३ ते ५ अंशांचा हिस्टेरेसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर, द्या. कॉन्टॅक्टर काही मिनिटांतून एकदा हलेल. पीआयडीच हवा असेल, तर सायकल ३० ते ६० सेकंद ठेवून तापमान किती झुलतं ते बघा. पॅकिंग मशीनच्या सीलिंग जॉसारखा हलका, पटकन तापणारा भाग असेल, तर तिथे कॉन्टॅक्टर मुळात नकोच, एसएसआर लावा.

स्नबर, म्हणजे कॉइलचा झटका शोषणारा भाग, लावायलाच हवा का? लावायचा तर कुठे?

लावायलाच हवा. कॉइल बंद होताना तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा शेकडो, कधी हजारांवर व्होल्टचा झटका बनून परत येते. तो झटका रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पाडतो, त्यांना खड्डे पडतात आणि एक दिवस ते चिकटतात. कॉन्टॅक्टर सुटताना कंट्रोलरचा डिस्प्ले क्षणभर विझत असेल, सेटिंग आपोआप बदलत असेल किंवा तापमानाचा आकडा उडी मारत असेल, तर कारण बहुतेकदा हेच.

एसी कॉइलला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅराडचा तयार आरसी स्नबर, कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा. तो ए१ आणि ए२च्या मध्ये, कॉइलच्या अगदी जवळ. डीसी कॉइलला १एन४००७ डायोड, पट्टीचं टोक अधिककडे. उलटा लावला, तर शॉर्ट होऊन फ्यूज उडेल. डायोडमुळे कॉन्टॅक्टर सुटायला किंचित उशीर लागतो, हीटरला त्याने फरक पडत नाही.

काही जण स्नबर रिलेच्या संपर्कांवर लावतात. तसं केलं, तर रिले उघडा असतानाही ०.१ मायक्रोफॅराडमधून साधारण ७ मिलीअँपिअर गळत राहतात. मोठा कॉन्टॅक्टर तरी सुटतो, पण छोटा पातळ रिले तेवढ्यावर अडकून राहतो आणि हीटर बंदच होत नाही. स्नबर कॉइलवरच लावा.

त्याच जोडीला सेन्सरची वायर पॉवर केबलच्या डक्टमधून नेऊ नका. थर्मोकपलचा, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या सेन्सरचा, सिग्नल काही मिलीव्होल्टचा असतो. शेजारून २५ अँपिअर जात असतील, तर तो बिचकणारच. शील्ड असेल, तर अर्थ एकाच टोकाला करा.

कंट्रोलरचा रिले ५ अँपिअरचा आहे. १ किलोवॅटचा हीटर थेट लावला तर?

१ किलोवॅट म्हणजे ४.३ अँपिअर, कागदावर बसतं. करू नका. रिले कंट्रोलरच्या छापील पट्टीवर सोल्डर केलेला असतो. तो गेला, की अख्खा कंट्रोलर उघडावा लागतो.

उलट बाजूने, मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल रिलेला झेपेल का, हाही प्रश्न येतो. ८० अँपिअर वर्गाची कॉइल ओढताना २५० व्हीएच्या आसपास घेते, २३० व्होल्टवर सव्वा अँपिअरच्या आत. ५ अँपिअरच्या रिलेला चालतं. त्याहून मोठ्याला मध्ये एक रिले घाला.

हीटरसाठी कॉन्टॅक्टर कोणत्या अँपिअरचा?

डबीवर मोठ्या अक्षरात असतो तो एसी-३चा आकडा, मोटरसाठीचा. हीटरला एसी-१चा आकडा बघायचा, तो मोठा असतो. तीन फेज, ९ किलोवॅट, ४१५ व्होल्ट : ९००० भागिले १.७३२ भागिले ४१५, म्हणजे साडेबारा अँपिअर. ९ अँपिअर एसी-३चा कॉन्टॅक्टर एसी-१ला बऱ्याचदा २५ अँपिअरचा असतो, तो चालतो. तरी भट्टीला चिकटलेल्या पॅनेलमध्ये मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, आम्ही एक पायरी वरचा घेतो. कंट्रोलर स्वतः बहुधा ५० अंशांपर्यंतच्या परिसरासाठी असतो, म्हणून पॅनेल भट्टीच्या भिंतीपासून सुटं ठेवा.

कॉन्टॅक्टर गुणगुणतो. कॉइल खराब आहे का?

आधी ए१-ए२वर व्होल्टेज मोजा, कॉन्टॅक्टर ओढलेला असताना. ८५ टक्क्यांहून कमी असेल, तर दोष पुरवठ्यात किंवा सैल स्क्रूत आहे. व्होल्टेज ठीक असेल, तर पुरवठा बंद करून कॉन्टॅक्टर उघडा आणि गाभ्याचे चकचकीत तोंडभाग कोरड्या कापडाने पुसा. पावडर कोटिंगच्या कारखान्यात तिथे रंगाची भुकटी, नमकीनच्या कारखान्यात तेलकट धूळ साठलेली सापडते. कागदाएवढी फट राहिली तरी आवाज येतो. पॉलिशपेपर मारू नका, सपाटी बिघडते. गाभ्याच्या टोकावरचं तांब्याचं छोटं कडं तुटलं असेल, तर आवाज कशानेच जाणार नाही, कॉन्टॅक्टर बदला.

रिले बंद आहे, तरी कॉइलच्या सुट्या वायरीवर मीटर ९० व्होल्ट दाखवतो.

ते बहुधा भुताचं व्होल्टेज असतं. शेजारच्या जिवंत वायरीचा परिणाम सुट्या वायरीवर होतो आणि डिजिटल मीटरचा रोध इतका जास्त असतो, की तो तेवढंही दाखवतो. १५ वॅटचा टेस्टलॅम्प लावा. आकडा शून्यावर आला, तर काळजी नाही. दिवा मिणमिणला, तर कुठेतरी खरी गळती आहे.

कॉइलवरचा शिक्का पुसला गेला आहे. व्होल्टेज कसं ओळखावं?

कॉइल सुटी करून रोध मोजा. ९ ते १२ अँपिअर वर्गाच्या एसी कॉइलमध्ये २४ व्होल्टला ६ ओहमच्या आसपास, ११०ला सव्वाशेच्या, २३०ला साडेपाचशेच्या. रोध व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून २४ आणि २३०ची गल्लत होणार नाही. २२० की २४० हे मात्र यातून कळत नाही. डीसी कॉइलचा रोध त्याच व्होल्टेजच्या एसी कॉइलपेक्षा बराच जास्त असतो : २४ व्होल्टला शंभराच्या आसपास. मोठ्या कॉन्टॅक्टरला हे आकडे लागू नाहीत.

परदेशातून आलेल्या जुन्या यंत्रात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची कॉइल सापडते. तिच्यावर ११० व्होल्ट ५० हर्ट्झ असंही लिहिलेलं असेल, तर आपल्याकडे ११० व्होल्टवर चालेल. नुसतं ६० हर्ट्झ असेल, तर ५० हर्ट्झवर ती जास्त करंट घेते आणि तापते.

शीतगृहासाठी काही वेगळं आहे का?

जोडणी तीच, सेटिंग वेगळी. कंट्रोलर कूलिंग मोडवर हवा. हीटिंगवर राहिला, तर खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसर चालू होईल. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान ३ मिनिटांचा विलंब द्या, नाहीतर तो दाबाविरुद्ध सुरू व्हायला जाऊन अडकतो. कॉन्टॅक्टर एसी-३च्या आकड्याने निवडा. ओव्हरलोड रिलेचा (मोटरचा करंट वाढला की तोडणारा) ९५-९६ संपर्क कॉइलच्या ओळीत घाला.

डिस्प्लेवर आउटपुटचा दिवा विझलेला आहे, तरी भट्टी तापतच राहते.

ताबडतोब मुख्य स्विच पाडा. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले असतील किंवा कंट्रोलरचा रिले चिकटला असेल. ए१-ए२वर व्होल्टेज नसताना आर्मेचर आतच असेल, तर कॉन्टॅक्टर. व्होल्टेज असेल, तर रिले.

याच्यासाठीच दुसरी सुरक्षा लागते आणि यात तडजोड करू नका. वर सांगितलेला थर्मोस्टॅट रिले चिकटला तर वाचवतो, कारण तो कॉइल तोडतो. कॉन्टॅक्टरच चिकटला, तर कॉइल तोडून उपयोग नाही. म्हणून मोठ्या भट्टीत पॉवरच्या ओळीत दुसरा कॉन्टॅक्टर घाला आणि त्याची कॉइल वेगळ्या सेन्सरच्या, हाताने रीसेट होणाऱ्या अतितापमान कंट्रोलरवर ठेवा. सेट पॉइंट २०० असेल, तर तो २२०-२३० अंशांवर. या दुसऱ्याची कॉइल नेहमी ओढलेली राहते, त्यामुळे तिचं व्होल्टेज रात्रीच्या जास्तीत जास्त आकड्याला धरून निवडा.

सेन्सर तुटला तर बहुतेक कंट्रोलर हीटर बंद करतात, पण ते सेटिंग तपासा. थर्मोकपलच्या दोन तारा भट्टीबाहेर एकमेकींना टेकल्या, तर कंट्रोलर टेकलेल्या जागेचं तापमान वाचतो, खोलीचं, आणि हीटर अखंड चालू ठेवतो. तिथे कंट्रोलरला काही चुकलं आहे हे कळतच नाही.

सगळं जोडून झालं. पहिल्यांदा चालू कसं करायचं?

हीटरच्या वायरी कॉन्टॅक्टरच्या खालून काढून ठेवा आणि फक्त कंट्रोल सर्किटला वीज द्या. सेट पॉइंट वर नेला, की कॉन्टॅक्टर एकाच ठाम आवाजात ओढला पाहिजे. ए१-ए२वर व्होल्टेज मोजून पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा. सेट पॉइंट खाली आणला, की लगेच सुटला पाहिजे. असं दहा वेळा करा, डिस्प्ले एकदाही उडता कामा नये. सेन्सरची एक वायर काढून बघा, कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. थर्मोस्टॅटची खुंटी फिरवून बघा, तेव्हाही सुटला पाहिजे. मग पुरवठा बंद करून हीटर जोडा, चालू करून प्रत्येक फेजचा करंट क्लॅम्प मीटरने घ्या, आणि तासाभराने सगळं बंद करून पॉवर टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा, कारण पहिल्या तापण्यात ते थोडे ढिले होतात.